घंगाळातलं मीठ

धुळामामांचं नाव आधी घेतो, मग बाकीचं सांगतो.

धुळाबा हे आमच्या गावातले धनगर. राजूर आणि टेंभुर्णी यांच्या मधे, केळना नदीच्या काठाला आमचं गाव. नात्याने ते माझे कोणी लागत नव्हते. ते मेंढ्या राखायचे, आम्ही घोंगड्या विणणारे सनगर. त्यांच्या मेंढ्यांची लोकर आमच्या मागावर यायची, एवढाच संबंध. आईवडिलांचं ऋण प्रत्येकावर असतं, तसं माझ्यावरही आहे. पण आमच्या घराण्यात पहिल्यांदा एका माणसाच्या नावापुढे पदवीची अक्षरं लागली, त्यासाठी सगळ्यांत जास्त मी कुणाचा देणेकरी असेन, तर या माणसाचा. त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

पावसाळा उलटला की मी दरवर्षी एक घोंगडी उन्हात टाकतो. यंदाही टाकली. गच्चीवर दोरी बांधली, घोंगडी झटकली, आणि दुपारी ती तापली तसा तिचा वास सुटला. इतकी वर्षं झाली तरी तो वास गेलेला नाही. थोडा मेंढीच्या अंगाचा, थोडा चिंचोक्याच्या खळीचा, थोडा माळावरच्या धुळीचा. घोंगडी काळी कुळकुळीत आहे. फक्त एका टोकाला, काठापासून वीतभर आत, तीन बोटं रुंदीचा एक तांबूस पट्टा आहे. वाळलेल्या बाभळीच्या शेंगेसारखा रंग. घरी येणारे लोक विचारतात, ही नक्षी कुठली? मी म्हणतो, नक्षी नाही, ती दीड वर्षाची चूक आहे. ते हसतात, आणि मीही जास्त सांगत बसत नाही.

आज सांगावंसं वाटतं.

आमचं घर म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्यात जमिनीत खणलेला माग. आबा, म्हणजे माझे वडील, खड्ड्यात पाय सोडून बसायचे, त्यामुळे लहानपणी मला ते कमरेपासून वरचेच जास्त आठवतात. मागाची खट् खट् चालू असली की आई निवांत असायची. थांबली की ती चुलीपासून विचारायची, "काय झालं?" बहुतेक वेळा धागा तुटलेला असायचा. आईचा चरखा दाराशी असे. काळी लोकर तिच्या बोटांतून बारीक होत जाताना मला वाटायचं, ही अंधाराचा दोरा काढते आहे.

चिंचोक्याची खळ शिजायची त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळायचं. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून मोठ्या हंड्यात रटरटत ठेवायचे. तो वास कुणाला आवडत नसे. मला आवडायचा. सकाळी उन्हं तापायच्या आत गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून बांधायचे आणि मुळांच्या कुंच्याने त्यांना खळ लावत जायचं. लोक वाकून खालून जायचे. शेळ्यांना मात्र वाकता येत नसे, त्यांना हाकलायचं काम माझं.

आबांच्या मागावर रंग कधी चढला नाही. मेंढी जशी काळी, तशी घोंगडी काळी. दरसाल एक घोंगडी गावच्या बिरोबासाठी विणली जायची. ती धुळामामांच्या लोकरीचीच, आणि तीही कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीची. तिला जावळाची घोंगडी म्हणत. ती देवाच्या बैठकीवर अंथरली की आबा लांबून बघत राहायचे. हात जोडायचे नाहीत, नुसते बघायचे. घरी येताना म्हणायचे, "काळी हाय. बराबर काळी."

धुळामामा लोकरीची पोती घेऊन यायचे तो आमच्याकडचा सणच. वर्षातून दोनदा. मामा उंच, वाळकुडे, कान मोठे, डोक्याला लाल पागोटं. आबा पोत्यात हात घालून एक बट काढायचे, उन्हात धरायचे, दोन्ही टोकं ओढून कानाशी न्यायचे आणि बोटाने छेडायचे. लोकर बोलते असं त्यांचं म्हणणं होतं. मला कधी काही ऐकू आलं नाही. पण आबांना त्या चार बोटांच्या बटेत सहा महिन्यांचा हिशोब दिसायचा. टोक म्हणजे गेला पावसाळा, मधला भाग हिवाळा, बुडखा म्हणजे परवाचा दिवस. कुठे बट बारीक झाली, कुठे तुटायला आली, त्यावरून ते मेंढीने काय खाल्लं ते सांगायचे.

"धुळ्या, चैतात उपाशी ठिवलं ह्यांना."

"मी बी उपाशीच व्हतो की. माझी लोकर कुणी कातरत न्हाई म्हणून झाकलं."

"आन् दिवाळीनंतर बाभळीच्या शेंगा चारल्यास."

"ते कसं वळखलं?"

"चमक हाय."

मग मामा माझ्याकडे वळून डोळा मारायचे. "तुझा बाप माणसाच्या मिशीवरनं बी जेवण सांगंल, पोरा. पुसून येत जा."

मामांचा वाडा गावाबाहेर, माळावर. वाडा म्हणजे बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि आत मेंढ्या. तिथला रविवार मला अजून तसाच्या तसा दिसतो. रविवार बिरोबाचा. त्या दिवशी मेंढ्यांना मीठ. शनिवारी दिवस मावळायच्या आधी गिरजामामी, म्हणजे मामांची बायको, तांब्याचं एक घंगाळ बाहेर काढायची. मामांच्या आईच्या लग्नातलं. दोन कड्यांपैकी एक गेलेली, बुडाला एक पोचा. त्यात खडेमीठ घालून वर पाण्याचा शिपका मारायचा आणि ठेवून द्यायचं. रविवारी सकाळपर्यंत मिठाच्या कडेने हिरवट निळी रेघ उमटलेली असायची, पोपटाच्या पिसासारखी. मग एकेक मेंढी पुढे यायची. खरबरीत जिभांचा तो आवाज, घंगाळाचं किणकिणणं, वर चंडोलाची शीळ.

पहिला मान कोतवालाचा. कोतवाल हा मामांचा मेंढा. आमच्याकडे कोतवाल नावाचा एक काळा पक्षी असतो, दुभंगल्या शेपटीचा, गुरांच्या पाठीवर बसून हिंडणारा. त्याच्यासारखा हा काळा, उन्हात निळा दिसणारा. त्याच्या पाठीवर खरोखरचा कोतवाल येऊन बसला की पक्षी कुठे संपतो आणि मेंढा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही.

प्रत्येकीने दोन-चार जिभा मारल्या की मामा तिला ढकलायचे. एखादी परत आली तर काठी आडवी.

"चाटू द्या की मामा, किती खुशीत चाटून राह्यली."

"न्हाई. एकदा म्हंजे एकदाच. माझी माय सांगून गेली. रविवारचं मीठ रविवारीच, आन् ज्यादा बिलकुल न्हाई."

"का?"

"का म्हंजे? ती माय व्हती."

शेवटची मेंढी झाली की मामी घंगाळ धुवून टाकायची, घासायची मात्र नाही. कुणी त्यात कारण शोधलं नव्हतं. सगळ्यांची खात्री एकच होती, की जे काही आहे ते रविवारात आहे.

निजामाचं राज्य गेलं त्यानंतर गावात मराठी शाळा आली. मी तिथे चार बुकं शिकलो. पुढच्या वर्गांसाठी राजूरला चालत जायचं होतं आणि आबांना मी मागाजवळ हवा होतो. त्यात आबांची चूक नव्हती. एका माणसाने घोंगडी होत नाही. त्या दिवशी धुळामामा ओट्यावर बसून चहा पीत होते.

"शाळा ठीक हाय," आबा म्हणाले, "पण ताण्याला कुंचा कोण मारंल?"

"मी मारतो," मामा म्हणाले.

"तू? आन् मेंढ्या?"

"गिरजा हाय, कुत्रं हाय. मला तर दोघं बी विचारत न्हाईत."

आबांना ती थट्टा वाटली. पण पुढच्या खळीच्या दिवशी मी पाटी घेऊन निघालो तेव्हा मामा पागोटं काढून, बाह्या सारून ताण्याशी उभे होते, आणि गल्लीच्या वळणापर्यंत मला आबांचा आवाज येत होता: "अरे हळू! मेंढरू न्हाई ते, धागा हाय!" त्यानंतर मी राजूरला शिकलो, मग जालन्याला एका ओळखीच्या घरी राहून मॅट्रिक झालो. त्या सगळ्या वर्षांत खळीच्या दिवशी मामा आले नाहीत असं झालं नाही. त्यांचा हात इतका बसला की पुढे पुढे आबा माझ्या हाताला नावं ठेवायचे.

मग शेतकी कॉलेजात नाव लागलं. कॉलेज लांबच्या शहरात, वसतिगृहात राहायचं. तिथून छापील कागद आला. सोबत काय आणायचं त्याची यादी होती: अंथरूण, ताट-वाटी, दिवा, स्नानासाठी भांडे. मी ती ओट्यावर मोठ्याने वाचली. आमच्या घरी माती आणि लोखंडाचं जे होतं ते सगळं मागाच्या कामाचं आणि खळीने माखलेलं.

"स्नानाला भांडं?" मामांनी विचारलं. "नदी न्हाई का तिथं?"

"नळ आहे मामा."

"मंग शहरातली पोरं नळाखाली बसत्यात म्हणतोस? आन् आपलं पोरगं त्यांच्यात रिकाम्या हातानं जाऊन उभं राह्यचं?"

दुसऱ्या दिवशी गिरजामामी डोक्यावर घंगाळ घेऊन आली. तिने ते चिंचेने आणि राखेने इतकं घासलं होतं की ओळखू येईना. आत तोंड दिसत होतं. पोचा तेवढा होता.

"मामी, मेंढ्यांच्या मिठाचं काय?"

उत्तर मामांनी दिलं. "दगडाची कुंडी हाय की. मीठ ते मीठच. दगडात ठिवलं म्हणून गोड व्हतंय का? रविवार चुकला न्हाई म्हंजे झालं."

मी ते घेऊन जालन्याला गाडीत बसलो. वसतिगृहात बाकीच्या मुलांच्या बादल्या होत्या. माझं घंगाळ बघून पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं, "बाजूला व्हा, सरकारस्वारी स्नानाला निघाली!" मला वाईट वाटलं नाही. उलट अभिमानच वाटला. मी ते रोज घासायचो. काळा डाग पडू देत नव्हतो, हिरवी रेघ तर नाहीच नाही. खोलीतला सोबती म्हणायचा, एवढं तू पुस्तक घासलंस तर पहिला येशील.

पहिली दिवाळी नीट गेली. लोकर थोडी मळकट वाटली, पण तेव्हा पाऊस कमी झाला होता, आबांनी तो दोष पावसाला दिला. उन्हाळ्यातल्या खेपेलाही तेच झालं.

दुसऱ्या दिवाळीला मी घरी होतो. मामांनी पोती आणली, आबांनी हात घातला, बट काढली, उन्हात धरली. मग उलटी करून पुन्हा धरली. टोकाला लोकर काळपट होती, खाली खाली तांबूस होत गेलेली. शिवाय तिच्यात लाट नव्हती. आमच्या लोकरीला बारीक बारीक लाटा असतात, त्यांच्यामुळे धागा धाग्याला धरून राहतो. ही बट सुतळीसारखी सरळ लोंबत होती. आबांनी ती कानाशी नेली आणि छेडलीच नाही.

"धुळ्या, ही कुणाची लोकर?"

"कुणाची म्हंजे? माझी."

"तुझी न्हाई ही. बाजारातली घातलीस तू."

आई चरख्यावरून उठली. मामा पोत्याचं तोंड धरून उभे होते, त्यांनी ते सोडलं.

"आबा, इतकी वर्सं झाली. कधी दुसऱ्याचा एक केस आणला का मी?"

"मंग हे काय हाय? देवाला तांबडी घोंगडी घालू? गाव काय म्हणंल? सनगरानं देवाला फसवलं म्हणंल."

मामांनी पोती तिथेच ठेवली आणि ते गेले. ओट्यावर त्यांची कपबशी भरलेली तशीच राहिली. आईने तो चहा परत पातेल्यात ओतला नाही. त्या वर्षी देवाला नवी घोंगडी झाली नाही. त्यानंतरच्या खळीच्या सकाळी ताण्याशी मी एकटा होतो. आबा मला एकदाही "हळू" म्हणाले नाहीत, आणि तेच मला सोसवेना.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी माळावर गेलो. मामा कोतवालाच्या कपाळावर खाजवत बसले होते. कोतवाल आता काळा नव्हता. डोळ्यांभोवती भुरा, मानेखाली गंजल्यासारखा. मला पाहून तो उठला, माझ्या खिशाला नाक लावून हुंगायला लागला.

"खोट ह्याच्यात हाय," मामा म्हणाले. "बाप फिका पडला की लेकरं फिकी. ह्याचं रक्त उतरलं. माघी चतुर्थीच्या बाजारात नेतो ह्याला राजूरला."

"कोण घेईल?"

"म्हातारा मेंढा कोण घेतंय? कसाई घेतंय." त्यांनी हात थांबवला नाही, खाजवतच राहिले. "तुझा बाप मला चोर म्हणला. त्याचं बी बराबर हाय. डोळ्याला जे दिसलं ते बोलला. आता मेंढा बदलला की लोकर बदलंल, मंग त्यालाच दाखवतो."

"मामा, रंगवून घेतली तर?"

ते माझ्याकडे वळले. "कॉलेजात हे शिकवून राह्यले का?"

मी एक तांबूस बट मागून घेतली, कागदात बांधली आणि निघालो. माघी चतुर्थीला तीन महिनेही उरले नव्हते.

कॉलेजात जनावरांच्या आहाराचा विषय त्याच सुमारास सुरू झाला. शिकवणारे सर वयस्कर, कमी बोलणारे. ते जीवनसत्त्वांबद्दल सांगत होते. हिरवा चारा फार दिवस मिळाला नाही तर जनावराची नजर जाते, कातडी खरबरीत होते, असं. मी हात वर केला. इतक्या मुलांसमोर मी तोवर बोललो नव्हतो.

"सर, मेंढीची काळी लोकर काळी राहण्यासाठी कोणतं जीवनसत्त्व लागतं?"

मागून आवाज आला, "सर, ह्याला मेंढीसाठी कलप पाहिजे!" वर्ग हसला. मी खिशातून कागद काढला. ती बट महिनाभर माझ्या खिशात होती. सर टेबलामागून खाली आले, खिडकीशी गेले, आणि त्यांनी ती उन्हात धरली. अगदी आबांसारखी. मला तेव्हाच बरं वाटलं.

"ही सरळ कधीपासून झाली?"

"या दिवाळीपासून, सर. त्याआधी वर्षभर मळकट होत आली होती."

"म्हणजे आधी रंग गेला आणि मग लाट?"

"हो सर."

"मग मी जीवनसत्त्वाकडे नाही जाणार. काळ्या मेंढीला काळं राहायला अंगात थोडं तांबं लागतं. थोडं म्हणजे अगदी थोडं. कुठल्या माळावरच्या चाऱ्यात ते कमी असतं, कुठलं पाणी ते अंगाला लागू देत नाही. अशा ठिकाणी आधी रंग जातो आणि मग लाट." त्यांनी बट माझ्या हातात दिली. "तुमच्याकडे माळ बदलला का?"

"नाही सर."

"पाणी?"

"तीच विहीर."

"मीठ देता?"

"रविवारी सर. पूर्वीही, आताही."

"कशात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. डोळ्यांसमोर मिठाच्या कडेची ती पोपटी रेघ होती.

"आता दगडाच्या कुंडीत. पूर्वी तांब्याच्या घंगाळात."

"ते घंगाळ कुठं गेलं?"

"माझ्या खाटेखाली आहे, सर."

वर्ग पुन्हा हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून मामांच्या आईचा मिठाचा नेम ऐकून घेतला. म्हणाले, हेच कारण आहे अशी खात्री मी देत नाही, पण करून पाहा. आणि बजावून सांगितलं, की इतर जनावरांपेक्षा मेंढीला तांबं लवकर बाधतं, जास्त झालं तर ती मरते. म्हणून शहाणपणा करून वाढवू नका. ती म्हातारी जसं सांगून गेली, तसंच आणि तेवढंच.

खोलीवर जाऊन मी खाटेखालून घंगाळ ओढलं. ते लखलखत होतं. त्यात माझं तोंड दिसलं.

टेंभुर्णीचे रहीमभाई सरकीची लॉरी घेऊन त्या शहरात यायचे. त्यांचा थांबा मला ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी घंगाळ खांद्यावर घेऊन मी तिथे गेलो. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "क्या रे बेटा, नहाना छोड दिया?" मी सगळं सांगितलं. मग त्यांनी ते आपल्या बसायच्या जागेशेजारी ठेवलं, वर गमछा टाकला, आणि म्हणाले, "चतुर्थी से पहले. जबान देता हूँ." पत्रही मी त्यांच्याच हाती दिलं.

पुढे काय झालं ते या घोंगडीत आहे. एकदा उगवलेला केस परत काळा होत नाही. नवा जो येतो तो काळा येतो. पदवी घेऊन मी गावी गेलो तेव्हा आबांनी ही घोंगडी माझ्या खांद्यावर घातली. सगळी मामांच्या लोकरीची. मामांवर ज्या लोकरीवरून आळ घेतला, ती पोती आबांनी इतके दिवस तशीच जपली होती, आणि त्यातली लोकर कातून हा तीन बोटांचा पट्टा विणला होता. ज्या माणसाच्या मागावर आयुष्यात काळ्याशिवाय काही चढलं नाही, त्याने तो तांबूस धागा स्वतःच्या हाताने भरला. "चुकलो" हा शब्द आबांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मामांनीही बहुधा ऐकला नसावा. त्यांना त्याची गरज नव्हती. ओट्यावर बसून, भरलेली कपबशी हातात घेऊन ते पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो तुझ्या आंघोळीचा." आणि आबा खड्ड्यात पाय सोडून बसल्या जागी इतके हसले, की माग थांबला आणि आईने चुलीपासून विचारलं, "काय झालं?"

कोतवाल वाड्यातच म्हातारा झाला. शेवटी दात पडल्यावर मामी त्याला भाकरी भिजवून घालायची.

मामा गेले त्यानंतर मामीने मला बोलावून एक घडी केलेला कागद दिला. तो मामांच्या पागोट्याच्या आत असायचा. माझंच पत्र. गावात कुणी वाचणारा आला, शिक्षक, पोस्टमन, कुणाचा जावई, की मामा त्याला बसवून ते वाचून घ्यायचे. मामी सांगत होती, ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं, वाचणारा एखादा शब्द गाळून पुढे गेला तर ते त्याला थांबवायचे. कागद घड्यांवर फाटला आहे, एका कोपऱ्याला मेंढीचा वास आहे. घोंगडी दोरीवर तापते आहे आणि मी त्याच उन्हात बसून तो इथे जसाच्या तसा उतरवतो आहे.

*

तीर्थस्वरूप धुळामामा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र शाळेच्या गुरुजींकडून वाचून घ्यावे, आणि वाचताना आबांना शेजारी बसवावे. ते येत नसतील तर आईला सांगा, ती आणील.

मामा, कोतवालाला बाजारात नेऊ नका. खोट त्याच्यात नाही. तुमच्यातही नाही. आबा, लोकर बाजारातली नव्हती, मामांच्या मेंढ्यांचीच होती. खोट माझ्याकडून झाली आहे आणि ती मला काल कळली.

आमच्या सरांनी सांगितले की काळ्या मेंढीला काळे राहण्यासाठी अंगात थोडे तांबे लागते. ते तुमच्या मेंढ्यांना रविवारच्या मिठातून मिळत होते. रविवार तुम्ही चुकवला नाही. पण ते रविवारात नव्हते, ते घंगाळात होते. मिठाच्या कडेला जी हिरवी रेघ यायची, ती तुमच्या लोकरीचा काळा रंग होता. तो तुम्ही मला न्हायला दिला. आणि मी तो दीड वर्ष रोज घासून काढून मोरीत सोडला.

घंगाळ रहीमभाईंबरोबर पाठवत आहे. माझी काळजी करू नये, मी बादली घेतली आहे. येत्या शनिवारी पूर्वीसारखेच मीठ भिजत घालावे. तुमच्या आईने सांगितले तेवढेच द्यावे, एकदा म्हणजे एकदाच, जास्त बिलकूल नाही. का ते मला आता माहीत झाले आहे, पण तिला आधीच माहीत होते. जी लोकर आता अंगावर आहे ती तांबूसच राहील. नवीन येईल ती बघावी. सर म्हणाले, खात्री देता येत नाही. मला खात्री आहे.

तुम्ही माझा कुंचा हातात घेतलात म्हणून मी हे वाचायला शिकलो. नाहीतर तुमचे काय हरवले ते मला कधी समजले नसते. चूक कळली तीही तुमच्यामुळेच, असे धरावे.

मामींना सांगावे की घंगाळ आता घासू नये.

रविवारी पहिला मान कोतवालाचा.

तुमचा,
सनगराचा पोरगा